जे परत गोळा करता येत नाही, त्याबद्दल

प्लास्टिक प्रदूषणाविरुद्धच्या आंतरराष्ट्रीय करारासाठी वाटाघाटी करणाऱ्या सर्व देशांच्या प्रतिनिधींना,

सविनय नमस्कार.

१५ ऑगस्ट २०२५ च्या सकाळी जिनिव्हातली तुमची बैठक करार न होताच संपली. त्या दिवसांत फिरलेले मसुदे मी नंतर वाचून काढले. कायद्याच्या भाषेची सवय नसल्यामुळे वेळ लागला. ज्या शब्दावर एकमत नाही तो चौकोनी कंसात ठेवायची तुमची पद्धत आहे, आणि एका टप्प्यावर त्या कंसांची संख्या हजाराच्या पुढे गेली होती. मग १३ ऑगस्टला अध्यक्षांनी एक सुटसुटीत मसुदा पुढे ठेवला. कंस गेले, पण त्यांच्याबरोबर प्लास्टिकच्या उत्पादनाबद्दलचं कलमही गेलं. तुमच्यातल्या अनेकांनी तो मसुदा तिथेच नाकारला, त्याबद्दल मी तुमची ऋणी आहे. ज्यांना तो पुरेसा वाटला, त्यांच्यासाठी हे पत्र मुख्यतः आहे.

मी समुद्रजीवशास्त्र शिकवते. माझा बराचसा वेळ मायक्रोस्कोपवर वाकून, समुद्राच्या पाण्यातून गाळून काढलेले जीव बघण्यात आणि विद्यार्थ्यांना ते ओळखायला शिकवण्यात जातो. त्या कामाच्या आधारावर मला तुम्हाला एकच गोष्ट सांगायची आहे. बाटली उचलता येते, तुटलेलं जाळं ओढून काढता येतं. पण त्यांचे पाच मिलिमीटरहून बारीक तुकडे होऊन समुद्रात मिसळले, की ते परत आणायचा कुठलाही मार्ग माणसाकडे नाही. ज्या पदार्थाला परतीची वाट नाही, त्याच्यासाठीचा करार कचरा गोळा करण्यापासून सुरू होऊच शकत नाही.

प्लास्टिक समुद्रात 'विरघळतं' किंवा 'कुजतं' असं बोलण्याच्या ओघात म्हटलं जातं. प्रत्यक्षात ते झिजतं. उन्हातल्या अतिनील किरणांनी त्याच्या लांब साखळ्या तुटतात, पृष्ठभाग ठिसूळ होतो, त्यावर बारीक तडे जातात. लाटा आणि वाळू उरलेलं काम करतात. एका पिशवीचे हजारो तुकडे होतात, त्या तुकड्यांचे आणखी तुकडे होतात, आणि प्रत्येक टप्प्यावर वस्तुमान जवळपास तेवढंच राहतं. बदलतं ते एवढंच की आधी जे कासवाच्या घशात अडकत होतं, ते आता पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म जिवाच्या तोंडात मावतं. तुकडा खोल पाण्यात बुडाला तर तिथे ऊन नाही आणि थंडी आहे, त्यामुळे झिजही मंदावते. तळाशी गेलेलं प्लास्टिक किती काळ टिकतं हे सांगायला प्लास्टिकचं वयच अजून अपुरं आहे.

एक हिशेब तुमच्यासमोर मांडते. २०१० या एका वर्षात किनारपट्टी असलेल्या १९२ देशांमधून ४८ लाख ते १ कोटी २७ लाख टन प्लास्टिक समुद्रात गेलं, असा अंदाज २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याच्या आदल्या वर्षी, जगभरच्या समुद्रांवर जाळी ओढून, पृष्ठभागावर तरंगणारं एकूण प्लास्टिक किती याचा अंदाज काढला गेला होता. तो निघाला सुमारे २ लाख ६९ हजार टन, आणि तुकडे ५ लाख कोटींहून जास्त. एका वर्षात जेवढं आत जातं त्याचा अगदी लहान हिस्सा वर दिसतो, आणि तो हिस्साही कित्येक दशकांच्या साठ्याचा आहे. शिवाय ही जाळी साधारण एक तृतीयांश मिलिमीटर छिद्रांची असतात. त्याहून बारीक असलेलं सगळं त्यातून निसटून जातं, मोजलंच जात नाही.

मग बाकीचं कुठे आहे? ब्रिटिश समुद्रजीवशास्त्रज्ञ रिचर्ड थॉम्पसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ मध्ये हाच प्रश्न विचारला होता, आणि या बारीक कणांसाठी 'मायक्रोप्लास्टिक' हा शब्द त्या लेखानंतरच रुळला. वीस वर्षांत उत्तराचे बरेच भाग हाती आले आहेत. काही किनाऱ्यांच्या वाळूत आहे. काही ध्रुवीय बर्फात गोठलेलं आहे. आर्क्टिकच्या समुद्री बर्फात लिटरमागे १२ हजारांपर्यंत कण सापडल्याचं २०१८ मध्ये नोंदवलं गेलं. बरंच तळाशी आहे. इटलीजवळच्या टिरेनियन समुद्राच्या तळावर, खोल प्रवाह जिथे गाळ आणून टाकतात तिथे, फक्त पाच सेंटिमीटर जाडीच्या थरात एका चौरस मीटरला १९ लाखांपर्यंत कण मोजले गेले आहेत. आणि उरलेलं जिवंत शरीरांमध्ये आहे.

पृष्ठभागावरून तळापर्यंत ते कसं जातं, हे समजून घेणं महत्त्वाचं आहे. तरंगत्या कणावर काही दिवसांत जिवाणू आणि शेवाळ वस्ती करतात, तो जड होतो आणि बुडू लागतो. मेलेल्या प्लवकांचे (म्हणजे पाण्याबरोबर वाहत जाणाऱ्या सूक्ष्म जिवांचे), शेवाळाचे, विष्ठेचे चिकट पुंजके समुद्रात सतत वरून खाली पडत असतात. त्याला सागरी हिम म्हणतात. सूर्यप्रकाश न पोचणाऱ्या पाण्यातली बहुतेक जीवसृष्टी या वरून पडणाऱ्या अन्नावर जगते. प्लास्टिकचे कण त्या पुंजक्यांना चिकटतात आणि अन्नाबरोबर खाली पोचतात. २०१९ मध्ये सहा खोल सागरी गर्तांमधल्या अँफिपॉड या कोलंबीसारख्या लहान जिवांची तपासणी झाली. पॅसिफिकमधल्या मारियाना गर्तेतून आणलेल्या प्रत्येकाच्या पोटात कृत्रिम तंतू किंवा कण होते. पुढच्याच वर्षी त्या गर्तेतल्या एका नव्या जातीचं नाव शास्त्रज्ञांनी 'युरिथेनीस प्लास्टिकस' असं ठेवलं, कारण विज्ञानाला तिची पहिली ओळख होतानाच तिच्या आत प्लास्टिकचा तंतू सापडला होता. वर्गात हे नाव फळ्यावर लिहिताना मला दरवेळी थांबावं लागतं.

आता या जिवांचं काय होतं, ते जरा सविस्तर सांगते. वाटाघाटींच्या कागदात 'सागरी परिसंस्थेवरील प्रतिकूल परिणाम' असे शब्द येतात. त्या शब्दांच्या आत कोण राहतं, हे तुमच्यापर्यंत पोचायला हवं.

कोपेपॉडपासून सुरुवात करते, कारण समुद्रातल्या बहुतेक सगळ्यांचं पोट शेवटी त्याच्यावर चालतं. तांदळाच्या दाण्याहूनही लहान असा हा प्राणीप्लवक. तो पाण्यातल्या एकपेशीय वनस्पती खातो आणि स्वतः माशांच्या पिलांचं अन्न होतो. पारदर्शक असल्यामुळे त्याचं आतडं बाहेरून दिसतं. ते सहसा खाल्लेल्या शेवाळाने हिरवट असतं. त्या हिरव्यात मधेच गडद निळा, सरळ कडांचा एखादा तुकडा दिसला की विद्यार्थी विचारतात, हा कुठला अवयव? प्रयोगशाळेत कोपेपॉडना नेहमीच्या अन्नाबरोबर पॉलिस्टायरिन या प्लास्टिकचे बारीक गोळे दिले, तेव्हा त्यांचं अन्न कमी झालं, अंडी लहान झाली आणि त्यातून पिलं बाहेर पडण्याचं प्रमाण घटलं. पोट भरलेलं होतं, पण शरीराला काही मिळत नव्हतं.

कालवांचा प्रयोग याहून बोलका आहे. २०१६ मध्ये फ्रान्समधल्या संशोधकांनी, कालवं अंडी आणि शुक्राणू तयार करत असतात त्याच काळात त्यांना दोन महिने पॉलिस्टायरिनच्या सूक्ष्म गोळ्यांच्या पाण्यात ठेवलं. अंड्यांची संख्या ३८ टक्क्यांनी घटली. शुक्राणूंचा वेग २३ टक्क्यांनी कमी झाला. आणि त्या कालवांच्या पिलांना पुढे प्लास्टिकचा स्पर्शही झाला नव्हता, तरी त्यांची वाढ १८ टक्क्यांनी मागे पडली. आईबापांनी जे गिळलं, त्याचा भार पिलांनी उचलला.

खडकांना धरून राहणारे मसल जातीचे शिंपले पाणी गाळून खातात. २००८ मध्ये असं दिसलं की त्यांच्या पोटात गेलेले सूक्ष्म कण तीन दिवसांत रक्ताभिसरणात पोचतात आणि ४८ दिवसांनंतरही तिथे असतात. खाल्लेलं प्लास्टिक जसंच्या तसं बाहेर पडतं, ही समजूत तेव्हाच मागे पडायला हवी होती. ओल्या वाळूत बीळ करून राहणारा एक जाड किडा असतो, लगवर्म. वाळू गिळायची, त्यातलं सेंद्रिय खायचं, उरलेली बाहेर टाकायची, एवढंच त्याचं आयुष्य. पण त्यामुळेच किनाऱ्याची वाळू सतत खालीवर होत राहते, श्वास घेते. त्या वाळूत पीव्हीसीचे कण मिसळल्यावर किडा खायचा कमी झाला, आणि त्याच्या शरीरातली ऊर्जेची साठवण निम्म्यापर्यंत खाली आली.

पक्ष्यांचं वेगळंच दुखणं आहे. समुद्रात काही आठवडे राहिलेल्या प्लास्टिकवर शेवाळ वाढतं आणि त्याला डायमिथाइल सल्फाइडचा वास येऊ लागतो. समुद्रावर दूरदूर उडणारे कितीतरी पक्षी याच वासावरून अन्नाचा माग काढतात, कारण प्लवक जिथे खाल्ले जात असतात तिथे हा वास पसरतो. लाखो वर्षांत घडलेली ही जाण आज त्यांना प्लास्टिककडे नेते आहे. ऑस्ट्रेलियाच्या लॉर्ड हाव बेटावरच्या शिअरवॉटर पक्ष्यांच्या पिलांमध्ये, पालकांनी भरवलेल्या प्लास्टिकमुळे जठराच्या भिंतीवर व्रण होऊन ती घट्ट आणि निकामी होत असल्याचं २०२३ मध्ये समोर आलं. संशोधकांनी त्या आजाराला 'प्लास्टिकोसिस' हे नाव दिलं. रोगाच्या नावात कारण इतक्या उघडपणे लिहिलेलं फार क्वचित असतं.

कासवांबद्दल फक्त एक आकडा देते. तीन समुद्रांमधून मिळालेल्या १०२ मृत कासवांची आतडी तपासली गेली. समुद्री कासवांच्या सातही जाती त्यात होत्या. कृत्रिम कण सर्वच्या सर्व १०२ मध्ये होते.

आणि या साखळीच्या दुसऱ्या टोकाला निळा देवमासा. तो प्लास्टिक शोधत नाही आणि पाण्यातूनही फारसं घेत नाही; त्याच्या पोटात ते क्रिलमधून, म्हणजे तो खातो त्या कोलंबीसारख्या लहान जिवांमधून जातं. कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्याजवळच्या मोजमापांवरून काढलेला अंदाज असा, की निळा देवमासा दिवसाला एक कोटी कण गिळत असावा. क्रिल स्वतःही या कणांवर काम करतो. अंटार्क्टिक क्रिलच्या पोटात मायक्रोप्लास्टिक दळलं जाऊन त्याहून कितीतरी बारीक, एक मायक्रॉनच्याही (मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्याही) खालचे तुकडे बाहेर पडतात, हे प्रयोगशाळेत दिसलं आहे. इतका बारीक कण पेशीच्या आवरणापर्यंत पोचू शकतो. जे कण आपण गाळू शकत नाही, ते समुद्रातले जीवच आणखी बारीक करताहेत.

इथे एक गोष्ट कबूल करायला हवी, कारण तुमच्यातले काही जण नेमकं हेच बोट ठेवतात. वर सांगितलेल्या प्रयोगांपैकी काहींमध्ये कणांचं प्रमाण आजच्या खुल्या समुद्रापेक्षा जास्त होतं, आणि कण गुळगुळीत, गोल होते. समुद्रातले कण वेडेवाकडे, तंतूंसारखे, रंग आणि रसायनं घेऊन फिरणारे असतात. समुद्रात सापडणारा प्रत्येक तंतू प्लास्टिकचा नसतो. पुष्कळसे कापसाचे आणि लोकरीचेही निघतात. हे आक्षेप खरे आहेत आणि आम्ही ते विद्यार्थ्यांनाही शिकवतो. पण त्यातून निघणारा निष्कर्ष 'थांबून बघू' असा नाही. पाण्यातलं प्रमाण फक्त एकाच दिशेने बदलतं आहे. आज सगळे कारखाने बंद पडले, तरी समुद्रात आधीच असलेल्या मोठ्या तुकड्यांचे बारीक तुकडे होत राहतील. प्रयोगशाळेतलं आजचं 'जास्त' प्रमाण हे काही ठिकाणचं उद्याचं प्रमाण आहे, आणि तो उद्या उजाडल्यावर तुम्ही केलेली कुठलीही तरतूद तो मागे नेऊ शकणार नाही.

माणसाच्या आरोग्याबद्दल मी मुद्दाम कमी लिहिते आहे. २०२२ मध्ये २२ रक्तदात्यांपैकी १७ जणांच्या रक्तात प्लास्टिकचे कण सापडले. २०२४ मध्ये मानेच्या रोहिणीतल्या चरबीच्या थराचा अभ्यास झाला. ज्यांच्या थरात प्लास्टिक होतं त्यांना पुढच्या सुमारे तीन वर्षांत हृदयविकाराचा झटका, पक्षाघात किंवा मृत्यू येण्याचा धोका साडेचार पट दिसला. तो अभ्यास संबंध दाखवतो, कारण सिद्ध करत नाही, आणि हे त्याच्या लेखकांनीच सांगितलं आहे. दर आठवड्याला माणूस एका क्रेडिट कार्डाएवढं प्लास्टिक खातो, हे वाक्य मात्र कृपा करून सभागृहात वापरू नका. नंतरच्या हिशेबांत ते टिकलेलं नाही, आणि असं एक वाक्य खोडलं गेलं की त्याच्याबरोबर दहा खरी वाक्यंही संशयात सापडतात. समुद्रातल्या जिवांबद्दल आपल्याला आज जे ठाऊक आहे तेवढ्यावर निर्णय घेता येतो. त्यासाठी आधी आपल्या रक्ताचा अहवाल यायची गरज असू नये.

आता तुमच्या कागदाकडे येते.

प्लास्टिकची जवळजवळ प्रत्येक वस्तू आधी मसुराएवढा दाणा असते. धंद्यात त्याला नुसतं 'दाणा' म्हणतात. कारखान्यातून निघून वस्तू बनायच्या आधीच तो गोणीतून, कंटेनरमधून, गोदामाच्या फरशीवरून सांडतो आणि पावसाच्या पाण्याबरोबर समुद्रात जातो. हे नवं नाही. १९७२ मध्ये एडवर्ड कार्पेंटर आणि के. एल. स्मिथ यांनी अटलांटिकमधल्या सारगासो समुद्राच्या पृष्ठभागावर प्लास्टिकचे तुकडे आणि दाणे सापडल्याचं छापलं होतं, म्हणजे इशारा मिळून अर्धशतक उलटलं. मे २०२१ मध्ये कोलंबोजवळ 'एक्स-प्रेस पर्ल' या जहाजाला आग लागली आणि पुढच्या महिन्यात ते बुडालं. त्यातून सोळाशे टनांहून अधिक दाणे समुद्रात गेले, काही कोरे, काही जळून गोळा झालेले. दाण्यांची एवढी मोठी गळती त्याआधी कुठेही नोंदवलेली नाही. मासेमारी थांबली, मेलेली कासवं आणि डॉल्फिन किनाऱ्याला लागले. लोक वाळू चाळण्यांतून चाळत होते. चाळणीत दाणा अडकतो, कारण तो दिसण्याएवढा मोठा आहे. पाच मिलिमीटरचा कण हा या सगळ्या गोष्टीतला सगळ्यात मोठा कण आहे, आणि तोसुद्धा माणसांनी हातांनी वेचूनही संपला नाही.

आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने २०२४ मध्ये दाण्यांच्या वाहतुकीसाठी शिफारशी काढल्या: वेष्टन मजबूत असावं, मालाच्या कागदावर दाण्यांचा स्पष्ट उल्लेख असावा, कंटेनर डेकच्या खाली किंवा आडोशाला ठेवावेत. शिफारशी चांगल्या आहेत, पण त्या ऐच्छिक आहेत. दाणा कारखान्यापासून साच्यापर्यंत जाईस्तोवर सांडणार नाही, याची जबाबदारी करारात बंधनकारक करा, आणि सांडला तर कोणी भरपाई द्यायची तेही लिहा. तुमच्या सगळ्या कलमांमध्ये हे सर्वांत सोपं आहे, कारण दाणा सांडण्यात कोणाचाच फायदा नाही.

तंतू आणि टायर ही दोन कलमं अवघड आहेत, आणि म्हणून त्यांच्याबद्दल कोणी फारसं बोलत नाही. थेट कणांच्याच रूपात समुद्रात जाणाऱ्या प्लास्टिकबद्दल २०१७ चा एक अंदाज आहे: त्यातला ३५ टक्के भाग कृत्रिम कापड धुण्यातून येतो आणि २८ टक्के टायरच्या झिजेतून. अॅक्रिलिकच्या सहा किलो कपड्यांच्या एका धुण्यातून सात लाखांहून जास्त तंतू सुटू शकतात. टायरचं उदाहरण तर प्रत्येक प्रतिनिधीला ठाऊक असायला हवं. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर कोहो सॅल्मन समुद्रातून अंडी घालायला ओढ्यांत चढतात, आणि मोठा पाऊस पडला की अंडी घालण्याआधीच मरून पडतात. वर्षानुवर्षं कारण सापडत नव्हतं. २०२० च्या शेवटी सापडलं. टायर चिरू नये म्हणून रबरात ६पीपीडी नावाचं रसायन घालतात. ओझोनशी संयोग होऊन त्याचं ६पीपीडी-क्विनोन होतं, आणि ते रस्त्यावरच्या पाण्याबरोबर ओढ्यात उतरतं. अगदी थोडी मात्रा त्या माशाला काही तासांत मारते. हे रसायन टायरमध्ये काही दशकं होतं. सांगायचा मुद्दा एका रसायनापुरता नाही. २०२४ च्या एका मोठ्या आढाव्यानुसार प्लास्टिकशी संबंधित १६ हजारांहून अधिक रसायनं ज्ञात आहेत आणि त्यातली ४,२०० हून अधिक घातक गुणांमुळे चिंतेची आहेत. कण लहान झाला की त्याचा पृष्ठभाग वाढतो, आणि आतली रसायनं बाहेर पडायला तेवढी जागा मिळते. रसायनांचं कलम बाजूला ठेवून मायक्रोप्लास्टिकचं कलम लिहिता येणार नाही, ही दोन्ही एकाच कणात आहेत.

सौंदर्यप्रसाधनांमधल्या बारीक मण्यांवर बंदी घालणं जमलं. अमेरिकेने २०१५ मध्ये कायदा केला, इतर देशांनी पाठोपाठ केला, आणि युरोपीय संघाने २०२३ मध्ये मुद्दाम मिसळल्या जाणाऱ्या मायक्रोप्लास्टिकवर व्यापक निर्बंध आणले. वस्तू बनवतानाच अडवलं तर कण थांबतात, हे त्यातून कळलं. पण मणी हा एकूण कणांचा अगदी छोटा भाग होता. तो यशाचा पुरावा म्हणून दाखवला जातो तेव्हा कपडे, टायर, रंग आणि वेष्टनं मागे राहतात.

उत्पादनाच्या कलमाबद्दल मला सगळ्यात जास्त काळजी आहे. २०१९ मध्ये जगात ४६ कोटी टन प्लास्टिक वापरलं गेलं, २००० सालच्या जवळपास दुप्पट. प्लास्टिकच्या कचऱ्यातलं पुनर्वापरात जातं ते जेमतेम ९ टक्के. आहे त्याच वाटेने गेलं तर २०६० पर्यंत वापर तिप्पट होईल, असा ओईसीडी या मुख्यतः श्रीमंत देशांच्या आर्थिक संघटनेचा अंदाज आहे. तुमच्यातले काही देश म्हणतात की प्रश्न प्लास्टिकचा नाही, कचरा नीट न हाताळण्याचा आहे. कचरा नीट हाताळायलाच हवा, त्याबद्दल वाद नाही. पण कपड्यातून तंतू सुटतो तेव्हा कपडा अंगावर असतो किंवा धुतला जात असतो. टायर झिजतो तेव्हा गाडी चालू असते. दाणा सांडतो तेव्हा त्याची वस्तूही झालेली नसते. यातलं काहीच त्या क्षणी कचरा नसतं. पुनर्वापरासाठी प्लास्टिक भरडताना आणि धुतानाही कण सुटतात. कणांचा प्रश्न कारखान्यात आणि वापरात तयार होतो आणि आपण कचऱ्याच्या ढिगापाशी उभे राहून त्याच्याशी लढणार. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, याहून वेगळं वर्णन मला सुचत नाही.

समुद्र साफ करणाऱ्या यंत्रांवर भिस्त ठेवू नका, हेही सांगते. मोठी जाळी, मोठे तुकडे काढणं चांगलं आहे, ते उद्याचे कण आहेत. पण कणांच्याच आकाराचे जीव त्याच पाण्यात, त्याच वरच्या थरात राहतात. पृष्ठभागावर तरंगणारे निळे नाजूक जीव, माशांची अंडी, खेकड्यांची पिलं. प्लास्टिक गाळून हे जीव मागे ठेवेल अशी चाळणी अस्तित्वात नाही.

प्लास्टिक नकोच, असं मी म्हणत नाही. रक्ताची पिशवी, सलाइनची नळी, विजेच्या तारेवरचं आवरण यांना आज पर्याय नाही, आणि करारात त्यांना जागा राहिलीच पाहिजे. ज्या देशांकडे पैसा आणि यंत्रणा नाही त्यांना निधी मिळाला पाहिजे. श्रीमंत देशांनी आपला कचरा त्यांच्याकडे पाठवून नंतर त्यांच्याकडेच बोट दाखवायचं, हे थांबलं पाहिजे. कचरा वेचून पोट भरणाऱ्या लाखो माणसांना या करारात नुसता उल्लेख नको, उत्पन्नाची हमी हवी. पण यातली कुठलीही मागणी उत्पादनाला मर्यादा घालण्याच्या आड येत नाही. एकेका देशाने स्वतःच्या मर्जीने ठरवायचं, ही तरतूद मात्र आड येते. समुद्राला सीमा नाहीत, आणि प्रवाह कोणाच्या परवान्याने वाहत नाहीत.

सर्वसंमतीच्या नियमाबद्दल शेवटचं. २०२३ मध्ये पॅरिसच्या बैठकीचे पहिले दोन दिवस, मतदान घेता येईल की नाही, याच वादात गेले आणि तो वाद तसाच सोडून तुम्ही पुढे गेलात. त्याचा परिणाम जिनिव्हात सगळ्यांनी पाहिला: मोजक्या देशांचा नकार बाकी सगळ्यांच्या होकाराला पुरून उरतो. ओझोनचा थर वाचवण्यासाठीचा मॉन्ट्रियल करार १९८७ मध्ये झाला तेव्हा ओझोनच्या छिद्राचं विज्ञान पूर्ण नव्हतं. तेव्हा फ्रिज आणि फवाऱ्यांत वापरल्या जाणाऱ्या सीएफसी वायूंचा दोष निर्विवाद व्हायच्या आधीच सह्या झाल्या. त्या करारात एकमत होत नसेल तर दोन तृतीयांश मतांनी मर्यादा कडक करायची सोय होती, आणि पुढे ती वेळोवेळी कडक झाली. आज जगातला प्रत्येक देश त्यात आहे. तुम्हीही मतदानाची तरतूद करा. आणि तीही होऊ दिली जात नसेल, तर ज्यांची तयारी आहे त्यांनी बाहेर पडून करार करा. बाकीचे नंतर येतील.

२ मार्च २०२२ ला नैरोबीत १७५ देशांनी जो ठराव मंजूर केला, त्यात प्लास्टिकच्या संपूर्ण जीवनचक्राचा विचार करण्याचं बंधन आहे आणि मायक्रोप्लास्टिकचा उल्लेखही आहे. हे शब्द तेव्हा कंसात नव्हते. २०२४ अखेर काम पूर्ण करायचं असं त्यात ठरलं होतं. मी तुमच्याकडे त्यापलीकडचं काही मागत नाही.

एक शेवटची गोष्ट सांगून थांबते. अॅलिस्टर हार्डी नावाच्या जीवशास्त्रज्ञाने एक साधं यंत्र बनवलं होतं. मालवाहू जहाजांच्या मागे ते ओढत न्यायचं, आणि आतल्या रेशमी पट्टीवर वाटेतले प्लवक अडकत जायचे. १९३१ पासून ही नोंद आजतागायत चालू आहे, आणि कितीतरी जुन्या पट्ट्या जपून ठेवलेल्या आहेत. थॉम्पसन यांनी २००४ च्या त्या अभ्यासासाठी स्कॉटलंडच्या उत्तरेकडच्या मार्गांवरच्या पट्ट्या पुन्हा उघडल्या. १९६० च्या दशकातल्या रेशमावर प्लवकांबरोबर कृत्रिम तंतू होते, आणि पुढच्या दशकांतल्या रेशमावर ते लक्षणीय वाढलेले होते. ज्यांनी त्या पट्ट्या समुद्रात सोडल्या, त्यांना आपण प्लास्टिक मोजतो आहोत याची कल्पनाही नव्हती.

तुमची पुढची बैठक चालू असेल तेव्हाही कुठलंतरी जहाज ते यंत्र ओढत जात असेल. त्या आठवड्याची पट्टीही गुंडाळली जाईल, तिच्यावर तारीख पडेल, आणि ती कपाटात ठेवली जाईल.

आपली नम्र,
समुद्रजीवशास्त्राची एक शिक्षिका